साहेबांचा खिसा

दर बुधवारी ग्रामपंचायतीत बँकेचं टेबल लागायचं. अंगठा लावला की पैसे हातात, घरात कुणाला विचारायला नको. म्हणून चिंचवलीच्या बायका बुधवार चुकवत नसत.

एका बुधवारी शाखाधिकारी धारवाडकर साहेब स्वतः आले आणि गरजले, "पुढच्या महिन्यापासून टेबल बंद! सगळं मोबाइलवर करा. जग कुठे गेलं, आणि तुम्ही बटण दाबायला घाबरता!"

बायका खाली बघू लागल्या. नवी सून कावेरी सासूच्या मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "साहेब, तुमचा फोन आजचा दिवस आमच्या ह्यांच्याकडे राहू द्या ना."

साहेबांचा हात झटकन खिशावर गेला. "भलतंच काय! माझे सगळे पैसे आहेत यात!"

"आमच्या घरात फोन एकच, तोही ह्यांच्या खिशात. तुमचे पैसे तिथे एक दिवस नकोत, मग आमचे कायमचे कसे ठेवायचे?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. साहेबांनी खिशावरचा हात काढला, तो टेबल चालू ठेवायची सही करायलाच.

परतताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घरी यातलं काही बोलू नकोस हो. बुधवार मलाही लागतो."