द्रोणाची हमी

सुगंधाक्कांनी प्लॅस्टिकच्या डिश सोडून वडाच्या पानांच्या द्रोणांत भजी द्यायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेचे घोरपडेसाहेब त्यांच्या हातगाडीपुढे येऊन गरजले, "द्रोणावर कंपनीचं नाव कुठाय? हमी कुणाची?"

"त्या समोरच्या वडाची, साहेब."

"झाडाची हमी चालत नाही. गाडी बंद!"

आक्कांचं घर या गाडीवरच चालत होतं. तेवढ्यात त्यांना वडाला गुंडाळलेलं वटपौर्णिमेचं सूत दिसलं.

"साहेब, परवा वहिनीसाहेब त्याच वडाला फेऱ्या घालून सात जन्म तुम्हालाच मागत होत्या. त्याची हमी चालत नाही, एवढं लेखी द्या. मी वहिनींना नेऊन दाखवते."

साहेबांनी उघडलेलं पेन बंद करून खिशात ठेवलं.

"एक द्रोण कांदाभजी द्या," ते म्हणाले.