खारीच्या घराला गोल दार

ऐक हं. एक होती खार. इवलीशी खार, झुबकेदार शेपटी. फणसाच्या झाडावर तिचं घर होतं. लाकडाचं घर. नानासुतारांनी केलेलं.

घर खूप खूप जुनं. खारीची आई तिथेच वाढली. खारीची आजी तिथेच वाढली. एक दिवस काय झालं? घराची पुढची फळी कुजली आणि पडली. धप्प!

नानांनी घर खाली काढलं. नवी फळी ठोकली. ठक ठक, ठक ठक! मग दारासाठी भोक पाडायला घेतलं त्यांचं लाडकं गिरमिट. गिरमिट हाताने फिरवायचं. पिळत पिळत लाकडाला भोक पाडायचं. कुर्र कुर्र, कुर्र... आई गं! गिरमिट फळीत रुतायच्या आतच नानांच्या मनगटात आली कळ.

नानांची लेक कुमुद धावत आली.

"नाना, पुरे आता हाताने. बघा, तुमच्यासाठी ड्रिल आणलंय. एवढंसं तर आहे! वायर नाही, काही नाही. बॅटरी भरून ठेवलीय."

नानांनी गिरमिट खुंटीला टांगलं. ड्रिलकडे बघितलंसुद्धा नाही. ओसरीवर जाऊन बसले, गाल फुगवून. म्हातारी माणसंसुद्धा रुसतात बरं का!

आणि घर? घर तसंच बाकावर. भिंती आहेत, छप्पर आहे. पण दार कुठाय? दारच नाही!

खारीचं पिल्लू फांदीवर बसलं होतं. "आई, घरात कधी जायचं?"

"जाऊ हं बाळा. ऊन उतरायच्या आत जाऊ."

तुरुतुरु तुरुतुरु, खार गेली फळीकडे.

"फळीताई, फळीताई, दार उघड ना! पिल्लू माझं बाहेर!"

फळी म्हणाली, "मी नाही उघडत जा! ड्रिल आधी फिरू दे."

तुरुतुरु तुरुतुरु, खार गेली ड्रिलकडे.

"ड्रिलदादा, ड्रिलदादा, गरगर फिर ना!
फळी दार उघडेना,
पिल्लू माझं बाहेर!"

ड्रिल म्हणालं, "मी नाही फिरत जा! बॅटरी आधी वीज देऊ दे."

तुरुतुरु तुरुतुरु, खार गेली बॅटरीकडे.

"बॅटरीबाई, बॅटरीबाई, वीज दे ना!
ड्रिल गरगर फिरेना,
फळी दार उघडेना,
पिल्लू माझं बाहेर!"

बॅटरी म्हणाली, "मी नाही देत जा! ड्रिलच्या तोंडात दात कुठाय? बोळक्या तोंडाला वीज कशाला? आधी दात आण."

ड्रिलचे दात होते डब्यात. मोठी माणसं त्यांना बिट म्हणतात. खारीने झाकण उघडलं. खट्ट! आत हा गोंधळ!

एक जाडा बिट ओरडला, "मला ने, मला ने! मी भिंतीला भोक पाडतो."

"भिंतीला नको रे. माझं घर लाकडाचं."

एक बुटका बिट ओरडला, "मला ने, मला ने! मी स्क्रू पिळतो."

"पिळायचं नाही रे. दार पाडायचंय."

एक बारीक बिट ओरडला, "मला ने, मला ने! मी लाकडालाच भोक पाडतो."

"केवढं भोक?"

"एवढंस्सं!"

"अरे, त्यातून माझी शेपटीसुद्धा जायची नाही!"

कोपऱ्यात एक जण गप्प होती. गोल करवत. वाटीसारखी गोल, काठाला दातच दात. खारीने हळूच तिच्यात डोकं घालून बघितलं. गेलं की! डोकं गेलं, म्हणजे अंगही जाणार. खारींना हे बरोबर कळतं.

"करवतमावशी, करवतमावशी, गोल काप ना!
बॅटरी वीज देईना,
ड्रिल गरगर फिरेना,
फळी दार उघडेना,
पिल्लू माझं बाहेर!"

करवत म्हणाली, "मी नाही कापत जा! गुळगुळीत फळीवर मी घसरते. मधोमध खूण हवी. गिरमिट आधी खूण करू दे."

तुरुतुरु तुरुतुरु, खार गेली खुंटीकडे. गिरमिट टांगलेलं होतं. त्याची लाकडी मूठ झिजून झिजून मऊ झाली होती. नानांची बोटं जिथे बसायची, तिथे खळगे पडले होते.

"गिरमिटआजोबा, गिरमिटआजोबा, खूण करा ना!
करवत गोल कापेना,
बॅटरी वीज देईना,
ड्रिल गरगर फिरेना,
फळी दार उघडेना,
पिल्लू माझं बाहेर!"

गिरमिटआजोबा म्हणाले, "मी नाही करत जा! नाना आधी हात देऊ देत. दुसऱ्या कुणाच्या हातात मला नाही करमत."

तुरुतुरु तुरुतुरु, खार गेली ओसरीवर.

"नाना, नाना, हात द्या ना!
गिरमिट खूण करेना,
करवत गोल कापेना,
बॅटरी वीज देईना,
ड्रिल गरगर फिरेना,
फळी दार उघडेना,
पिल्लू माझं बाहेर!"

नानांनी फक्त 'हात द्या' एवढंच ऐकलं. ते आपल्याशीच बोलत होते. "माझं गिरमिट! कुमुदचा पाळणा त्याने केला. कुमुदची भिंगरी त्याने केली. कुर्र कुर्र वाजायचं, आणि पोर टाळ्या पिटायची. आता त्याचं काय काम? मी नाही देत हात, जा!"

ऊन उतरायला लागलं. फांदीवरून हाक आली, "आईऽऽ!"

खार नानांच्या गुडघ्यावर चढली. अगदी कानाशी गेली. रडवेल्या आवाजात पुन्हा म्हणाली, "गिरमिट खूण करेना, करवत गोल कापेना..."

"थांब, थांब!" नाना ताठ बसले. "काय म्हणालीस? गिरमिट लागतं?"

"लागतं तर! गिरमिटाने खूण केली नाही, तर करवत घसरते!"

नानांचे डोळे भरून आले. "आणि मी बसलोय इथे रुसून," ते म्हणाले. "चल गं खारुताई, चल!"

मग काय!

नानांनी दिला हात.
गिरमिटाने केली खूण, कुर्र कुर्र!
करवत बसली ड्रिलच्या तोंडात, खट्ट!
बॅटरीने दिली वीज, टिक!
ड्रिल फिरलं गरगर, घर्रर्रर्र!
आणि फळीने उघडलं दार!

टप्प! लाकडाची एक गोल चकती खाली पडली.

कुमुद स्टुलावर चढली. घर फणसाला लावलं. आता स्क्रू कोण पिळणार? बुटका बिट ओरडला, "मी, मी!" त्यालाही काम मिळालं.

पिल्लू आलं तुरुतुरु. गोल दारातून डोकं गेलं. अंग गेलं. शेपटी गेली, सुळ्ळकन!

मग नानांनी ती चकती उचलली. तिच्या मधोमध गिरमिटाच्या खुणेचं छोटंसं भोक होतंच. त्यात एक काडी खोचली आणि बोटांनी पिळली. भिर्रर्र! भिंगरी फिरायला लागली.

"अगंबाई," कुमुद म्हणाली, "माझी भिंगरी! अश्शीच होती ना, नाना?"

"अश्शीच होती गं."

आणि एवढी मोठी कुमुद, तिने टाळ्या पिटल्या.

नानांनी गिरमिट पुसलं. ड्रिलही पुसलं. दोघांना एकाच खुंटीला टांगलं, शेजारी शेजारी.

खारीचं पिल्लू घरात,
तुझे पाय पांघरुणात.