उघड्या हाताची शपथ

हा चौकातला पुतळा काउंटेस अडेलगुंडबाईंचा. खाली कोरलंय, 'प्रजेची माउली'. वाचलं की अजून माझं डोकं तडकतं. मी कोन्राड, श्नेटालचा हातमोजे शिवणारा. ही माउली कशी होती ते माझ्याकडून ऐका.

नवरा वारला तेव्हा मुलगा आल्ब्रेख्त दोन वर्षांचा होता म्हणे. तो अठराचा होईपर्यंत बाईंनी राज्य सांभाळायचं असं ठरलं. सांभाळलं कसलं, विकलं! परक्या राजांच्या लढायांवर इथले गडी भाड्याने धाडले. गेलेल्यांपैकी एकही परतला नाही. शेवटच्या यादीत लोरेन्ट्स होता, वाल्बुर्गा हातमोजेवालीचा नवरा. त्याला वसंतात न्यायचं होतं. आल्ब्रेख्तने मात्र शब्द दिला होता, गादीवर बसलो की यादी फाडतो.

त्याचा अठरावा वाढदिवस आला तो ऐन फेब्रुवारीत. त्या दिवशी सूर्यास्ताला बाईंचा अंमल संपणार होता. पण प्रजेने त्यांच्याशी जन्मभराच्या निष्ठेची शपथ घेतली, तर त्यांना हलवणारा कोण? बाईंना सत्तेची चटक लागलेली. त्यांनी सकाळीच सगळ्या गावाला चौकात बोलावलं आणि भोवती भालेवाले उभे केले.

आता इथली रीत अशी की शपथेचा हात उघडा हवा, अगदी लग्नातल्या शपथेचाही. झाकल्या हाताची शपथ कुणी धरत नाही. पण बाई परमुलखातल्या. सोळा वर्षांत एकदा जरी टेकडीवरच्या वाड्यातून उतरून कुणाच्या लग्नाला आल्या असत्या, तर त्यांना हे कळलं असतं. वाल्बुर्गाने आधीच घरोघरी हातमोजे वाटले होते. दोनशे हात वर झाले, सगळे चामड्यात. बाईंना वाटलं असणार, थंडी आहे.

शपथ झाली. बाई मुलाकडे वळल्या, "ऐकलंस? त्यांना मीच हवी."

तेव्हा म्हणे वाल्बुर्गा पुढे झाली आणि तिने मोजा काढून बर्फात टाकला. "शपथ उघड्या हातानं नाही, या चामड्यानं घेतलीय, बाईसाहेब. यालाच ठेवा जन्मभर पदरी."

चौक हसला. ते हसणं बाईंना झोंबलं. सूर्यास्ताला अजून सहा तास होते आणि तोवर हुकूम त्यांचाच चालत होता. "उघडा हात हवा ना? मग उजेड असेतो तो वर धरून उभी राहा." आल्ब्रेख्तने आईचे पाय धरले असं सांगतात. बाई बधल्या नाहीत. मग लोरेन्ट्सने आपला मोजा काढला, मग शेजारच्याने. हळूहळू सगळं गाव वाल्बुर्गाबरोबर उघड्या हाताने उभं राहिलं.

सूर्य बुडाला, यादी फाटली, लोरेन्ट्स राहिला. वाल्बुर्गाची तीन बोटं मात्र गारठून गेली. पुढे मोजे त्यानेच शिवले. ती शेजारी बसून त्याच्या चुका काढायची म्हणे.

आजही दरवर्षी त्या तारखेला श्नेटाल अंधार पडेपर्यंत असंच उभं राहतं. तुम्ही नेमके आजच आलात. पाहुण्यांना यातून सूट आहे, पण ती मी देत नाही. काढा ते मोजे. गार लागेल. तिलाही लागलं होतं.