तुटतं ते कुठलं आतडं

"जे मी मागितलं नव्हतं, तेच मी तिला दिलं असेल, तर दोष कुणाचा, बाबा?"

लालसाब फकीर सुपातले हुलगे निवडत होते. एक खडा सापडला. तो त्यांनी ओट्याखाली टाकला.

"कुणाला दिलं?"

"माझ्या मुलीला. ऋजुताला. दिलं असेल… नसेलही. दोन्हीची शक्यता सारखीच."

विचारणारे कोळेकर गुरुजी. गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. आईबापाचं काय काय लेकरात उतरतं, हे फळ्यावर आखून दाखवण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात दुसरा नव्हता, आणि हे त्यांना ठाऊकही होतं. गावाबाहेरच्या या तकियात, फकिराच्या ठाण्यावर, ते आज पहिल्यांदाच आले होते. तेही बायकोनं चार वेळा सांगितलं म्हणून.

त्यांच्या घराण्यात आतड्याचा रोग होता. आतड्यात गाठी धरायच्या, आणि त्यातलीच एखादी पुढं बिघडायची. वडील एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. थोरला भाऊ छत्तिसाव्या. गुरुजींचं वेळेत सापडलं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मोठं आतडं कापून काढलं आणि ते वाचले. मुलगी आता बारा वर्षांची. तिचं रक्त तपासून घ्या, असलंच तर लवकर कळलेलं बरं, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याला सहा महिने होऊन गेले. गुरुजींनी तिला नेलं नव्हतं. तिला काही सांगितलंही नव्हतं. हे सगळं त्यांनी बाबांपुढं मांडलं.

"का नेलं नाही?"

"आणि निघालं तर?"

"तर डॉक्टर बघतील. तुमचं बघितलं तसं."

"पण कुणामुळं झालं, ते तिला कळेल ना…"

बाबा हसले. "परीक्षा घेतली नाही, आणि निकाल लावून बसलात. शाळेत चालतं का असं, गुरुजी?"

गुरुजींना ते लागलं.

"तुम्हाला नाही कळायचं. तुम्हाला मूलबाळ नाही."

"नाही," बाबा म्हणाले.

आणखी एक खडा ओट्याखाली गेला.

गुरुजी ओशाळले. आवाज खाली आला.

"तसं नव्हतं म्हणायचं मला… बाबा, जेवताना तिनं पोटावर नुसता हात ठेवला ना, तरी माझं आतडं तुटतं."

"कुठलं?"

"म्हणजे?"

"डॉक्टरांनी काढून टाकलं म्हणालात. मग हे तुटतं ते कुठलं?"

गुरुजींनी शर्टावरूनच पोटावरच्या व्रणाला हात लावला.



"वडलांचं तुटायचं का, तुमच्यासाठी?"

"काय माहीत. आण्णा बोलायचेच नाहीत. शेवटचं वर्षभर भिंतीकडं तोंड करून निजून असायचे. मी शाळेतून यायचो, दप्तर घेऊन उंबऱ्यातच उभा राहायचो… ते काही वळायचे नाहीत. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलंय."

बाबांनी सूप खाली ठेवलं. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, आणि हळूहळू, सगळं अंग वळवून, ते भिंतीकडं तोंड करून बसले.

"बाबा?"

…

"बाबा, राग आला का?"

पाठ हलली नाही. कफनीला मधोमध ठिगळ होतं. टाके काळ्या दोऱ्याचे, एक लहान, एक मोठा. गुरुजी त्या टाक्यांकडं बघत राहिले.

"माझं काही चुकलं का?"

हे शब्द तोंडातून गेले, आणि ते त्यांचे त्यांनाच ऐकू आले.

सहा महिने झाले, ऋजुता रोज हेच विचारत होती. तिचे शब्द वेगळे असत, एवढंच. पप्पा, पाणी आणू? पप्पा, वही दाखवू? पप्पा, आज लवकर आलात? आणि ते पेपर तोंडासमोर धरून हूं म्हणत. पेपर कधीच वाचून झालेला असे.

गुरुजी उठले. बाबांना वळसा घालून पलीकडं गेले. भिंत आणि बाबा यांच्यामध्ये जागा हातभरच होती. इस्त्रीच्या शर्टाला भिंतीचा चुना लागला. तसेच ते अंग चोरून तिथं बसले. गुडघ्याला गुडघा लागला.

बाबांचे डोळे उघडे होते. ते त्यांच्याचकडं बघत होते.

"नेतो तिला," गुरुजी म्हणाले. "सोमवारीच नेतो. पण आधी तिला सांगावं लागेल. सगळं."

बाबांनी मान हलवली.

"आणि तिनं विचारलं, पप्पा, मलाच का… तर? मला ह्याचं उत्तर येत नाही, बाबा. सगळं शिकवतो मी, पण हे येत नाही."

बाबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मग तिच्यासमोरून उठू नका."