भट्टीतून आलेली चुनखडी

दगडांना वाचा होती, त्या काळातली ही हकिकत. एका गावाने नदीवर काळ्या दगडांचा बंधारा घातला होता, पण फटींमधून सगळं पाणी वाहून जाई आणि चैत्रातच गावाचे घसे कोरडे पडत.

चुना भाजणारी ठकूबाई लोणारीण ओढ्यातून पांढरी चुनखडी वेचून बंधाऱ्यापाशी घेऊन आली. बंधाऱ्यातला काळा दगड हसला.

"नखानेसुद्धा खरवडली जातेस तू. पाणी काय अडवणार?"

ठकूबाईने चुनखडीला कोळशाच्या थरांत रचलं आणि भट्टी पेटवली. तीन दिवसांनी ती बाहेर आली, तेव्हा तिचं वजन जवळजवळ निम्मं झालं होतं.

"आता तुझ्यात उरलंय तरी काय?" दगडाने विचारलं.

"तहान," ती म्हणाली.

ठकूबाईने तिच्यावर पाणी ओतलं. तशी ती फसफसून उकळली, तडातडा फुटली, वाफेचे लोट उठले. दगड घाबरला.

"मावशी, मेली की हो ती!"

"मरत नाही रे, फुलतेय ती," ठकूबाई म्हणाली.

लोण्यासारख्या मऊ झालेल्या त्या चुन्यात तिने वाळू कालवली आणि तो फटीफटीत दाबून भरला. पुढे कित्येक महिने चुनखडी हवा पीत राहिली आणि हळूहळू पुन्हा दगड झाली.

श्रावणात मोठा पूर आला. सगळा बंधारा थरथरला, पण एकही दगड हलला नाही.

पाणी ओसरल्यावर काळा दगड हळूच म्हणाला, "ताई, अशीच धरून ठेव हं मला."