वाळा म्हणजे कुठला?

आटपाट नगर बिटपाट नगर काही नव्हतं, उगीच आस लावून बसू नका. होतं एक पत्र्याचं खोपट. वर पत्रा, चहूबाजूंनी पत्रा, दारसुद्धा पत्र्याचं. वैशाखात आत भाकरी थापून ठेवली असती तर चुलीवाचून भाजून निघाली असती. असली घरं बांधणाऱ्यांना एक दुपार आत कोंडायला हवं! पण ते राहू दे.

त्या खोपटात वेणू राहायची, तिची आई राहायची आणि वर्षाची धाकटी बहीण ठकी राहायची. आई उजाडताच मातीकामाला जाई. मग ठकीचं सगळं वेणूच बघे. स्वतःच वीतभर पोर, पण कडेवर दुसरी वीतभर.

त्या दुपारी ठकीनं रडणंच सोडून दिलं. गळ्यावर लाल लाल घामोळं, ओठ सुकलेले, डोळे अर्धवट मिटलेले. ठकीला दाराशी चटईवर ठेवून वेणू कळशी घेऊन मागच्या हापशाकडे पळाली.

हापशाखाली सांडणाऱ्या पाण्यावर वेणूनं एक इवलीशी बाग जगवली होती. चार पुदिन्याच्या काड्या आणि मोगऱ्याचं एक झुडूप. तोंड धुतलेलं पाणीसुद्धा ती त्या मोगऱ्यालाच घाली. आज त्याच्या पांढऱ्याशुभ्र कळ्यांमध्ये काहीतरी लुकलुकलं. सोनेरी, मग निळं, मग मोरपिशी. आणि कळ्या बाजूला सारून तळहाताएवढी परी बाहेर आली! चिमुकले चंदेरी पंख, चिमुकली चमचमती कांडी, आणि अंगात... काय सांगू, अंगात जरीचा घागरा, त्यावर जरीची ओढणी. वैशाखात! जरी!

"मी झुळूक परी," ती घाम पुसत म्हणाली. "तू माझ्या मोगऱ्याला पाणी घालतेस ना? मग तीन इच्छा माग. पण नियम आहेत हं. एक इच्छा म्हणजे एकच शब्द. दुसरा शब्द ऐकला की माझी कांडी रुसते. आणि दिलेलं मी परत घेत नाही."

वेणूला आठवलं, मागच्या उन्हाळ्यात आई एका मोठ्या घरी कामाला होती. तिथल्या दाराला वाळ्याचा पडदा होता. त्यावर पाणी मारलं की आत कसा गारवा आणि किती गोड वास!

"वाळा!" वेणू म्हणाली.

कांडी फिरली. रुपेरी चांदण्या उधळल्या. आणि वेणूच्या हातात पडले बाळाच्या पायातले दोन चांदीचे वाळे. छुम!

"अगं परीताई, हा वाळा नव्हे!"

"वाळा म्हणालीस, वाळे दिले. एकावर एक फुकट."

वेणूनं कपाळाला हात लावला. आता मात्र चुकायचं नाही. ठकीला गार पाणी हवं. घरातला माठ तर होळीलाच फुटला होता.

"माठ!"

कांडी फिरली. हिरव्या ठिणग्या, तांबड्या ठिणग्या. आणि हापशाशेजारी माठाच्या पालेभाजीचा ढीग पडला, वेणूच्या डोक्याएवढा उंच.

परी झाली म्हणून काही अक्कल येत नाही. वाळा आणि माठ कळत नाही तर उन्हाळ्यात फिरायचं कशाला?

"बाजारात याला माठच म्हणतात!" परी फणकारली. पण फणकारता फणकारता तिचे पंख मलूल झाले. चेहरा डाळिंबासारखा लाल झाला. "बाई गं, जरा टेकते," असं म्हणून ती भिरभिरत निघाली थेट हापशाच्या दांड्यावर बसायला. लोखंडी दांडा, सकाळपासून उन्हात तापलेला!

एकच इच्छा उरली होती. दाराशी ठकी निपचित पडली होती. पण समोर कुणी भाजणार असेल तर शब्द मोजत बसतं का कुणी?

"थांब!" वेणू किंचाळली.

कांडी फिरली. परी हवेतल्या हवेत थांबली.

"झालं," ती रडवेली होऊन म्हणाली. "तिसरी इच्छा! आता तू जा म्हणेपर्यंत मला थांबावंच लागणार."

वेणूला रडूच आलं. मग रडण्याचाही राग आला. "थांबलीच आहेस तर कामाला लाग! आधी ती ओढणी काढ. जरी घालून कुणी उन्हात हिंडतं का?" तिनं परीला ओल्या चिंधीत गुंडाळलं, पुदिन्याच्या पानावरून घोट घोट पाणी पाजलं आणि उचलून खोपटाच्या दाराशी नेलं.

ठकीला बघून परीचा चेहराच उतरला. तिनं गाल फुगवून फूऽऽ केलं. आत शिरली नुसती गरम झळ!

"अगं, वारा आधी ओला नको का करायला?" वेणूनं आईचं जुनं लुगडं कळशीत बुचकळून दाराला टांगलं. "आता बाहेरून फुंक. आणि तो तुझा माठ टाक पत्र्यावर!"

परीनं भाजीचा बहुतेक ढीग उडवून पत्राभर पसरला. वर पाणी शिंपडलं. पत्रा चर्रर् करून ओरडला आणि हळूहळू गप्प झाला. ओल्या लुगड्यातून झुळूक आत आली, गार, ओलसर, मोगऱ्याच्या वासाची. वेणूनं ठकीचं झबलं काढलं, ओल्या फडक्यानं मान पुसली, काखा पुसल्या, चमच्या-चमच्यानं पाणी पाजलं. मग चांदीचे वाळे पाण्यात बुडवून तिच्या पायात घातले.

ठकीनं पाय झाडला. छुम! डोळे उघडले. आणि असं भोकाड पसरलं, असं पसरलं, की वेणू आनंदानं नाचायलाच लागली.

ऊन उतरलं तरी परी फुंकतच होती. वेणू म्हणाली, "जा गं आता. दमलीस. तुझीही आई वाट बघत असेल."

"मला कायमची ठेवून घेता आली असती की तुला," परी म्हणाली.

"आणि तू काय, पंखा आहेस?"

परी खुदकन हसली. "तुझी इच्छा तू माझ्यावर खर्च केलीस. आता नियम गेला उडत. सांग, वाळा म्हणजे कुठला?"

"गवताचा! मुळ्यांचा! आणि माठ मातीचा! तू पण ना, अगदी माठ आहेस!"

"हा आणखी कुठला माठ?" असं विचारता विचारताच परी सोनेरी झाली, केशरी झाली, आणि उजेडच उजेड होऊन विरून गेली.

उजेड ओसरला तेव्हा दाराला वाळ्याचा पडदा होता, ओला, घमघमणारा. कोपऱ्यात मातीचा लालचुटूक माठ पाझरत बसला होता. आई आली, गार पाणी प्यायली, आणि उरलेल्या माठाची तिनं लसूण घालून भाजी केली.

पुढे तो सगळा उन्हाळा असंच चाललं. ठकीच्या पायातला वाळा वाजला, की दारातला वाळा हलायचा.