सभाईच्या मोकळ्या पाटाची कहाणी

ऐका सभाई माते, तुझी कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, मन थाऱ्यावर आणा.

नदीच्या ऐलकाठी एक आटपाट नगर होतं. तिथं कुंदावती राणी राज्य करीत असे. राजा लवकर वारला, मुलगा भानुसेन पाळण्यात, म्हणून गादीवर राणी बसे. पण राणी एकटीच्या मनानं काही करीत नसे. वर्षातून एकदा घाटावरच्या दालनात सभा भरे. गावोगावचे पाटील येत, पेठेतले महाजन येत, सुतार-कुंभार-कासार येत. राणी पहिला शब्द बोले, मग सभेचं तोंड उघडे. सभा ठरवी ते राणी करी.

त्या सभेचा एक वसा होता. सभाई मातेचा वसा. सभेच्या दिवशी नगारा वाजवायचा नाही, शिंग फुंकायचं नाही. मधोमध पाट मांडायचा, भोवती रांगोळी काढायची. पाटावर कुणी बसायचं नाही. जो यायचा राहिला, त्याचा तो पाट. मग राणीनं मूठभर अक्षता घ्यायच्या आणि पाटापुढं एकेक दाणा सोडायचा. मूठ रिकामी होईतो कुणी चकार शब्द काढायचा नाही. मूठ रिकामी झाली की विचारायचं, "कुणी यायचं राहिलं का?" मग पहिला शब्द बोलायचा.

सासूनं हा वसा सुनेला दिला होता. राणी तो नेमानं पाळी. कणगी भरलेली होती, गोठे भरलेले होते, नगर सुखात होतं.

पुढं काय झालं? राणी उतली, मातली. एका वर्षी सभेला दाटी झाली. सेनापती रणमलराव उशिरा आले. त्यांना बसायला जागा मिळेना. ते मोठ्यानं म्हणाले, "वा! सेनापती उभा, आणि पाट बसलेला!"

सभा हसली. राणीही हसली. म्हणाली, "बसा हो त्याच्यावर. न आलेल्यापायी आलेल्यानं का ताटकळावं?"

रणमलराव पाटावर बसले. राणीनं मुठीतल्या अक्षता दासीच्या हातावर ओतल्या. "जा, चिमण्यांना टाक," म्हणाली. मग नगारा झडला, शिंगं वाजली, सभेत एकच गलका उठला.

आता पैलकाठी दुसरं नगर होतं. नदी ओलांडायचा उतार कुणाचा, होडी कुणी चालवायची, यावरून दोन्ही नगरांत कुरबुर होती. ती मिटवायला पैलच्या राजानं आपला म्हातारा कारभारी पाठवला होता. कारभारी असोला, सालीसकटचा नारळ घेऊन दारात आला. बसायला पाट बघतो, तर पाटावर सेनापती. बोलायला जातो, तर गलक्यात ऐकतो कोण? उभा राहिला. पाय भरून आले. मग त्यानं नारळ उंबऱ्यावर ठेवला आणि माघारी गेला.

संध्याकाळी सभा उठली. गर्दीत कुणाचा तरी पाय नारळाला लागला. नारळ पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला, काठच्या गाळात रुतला. पैलच्या नावाड्यांनी ते पाहिलं, राजाला जाऊन सांगितलं. राजा म्हणाला, "आमचा नारळ लाथाडला?" आणि नदीतल्या वाळूच्या बेटावर लढाई लागली.

कशी लढाई म्हणाल? गाळातल्या नारळाला कोंब आला, कोंबाचा माड झाला, माडाला नारळ लागले, तरी लढाई संपेना. उतारावरची होडी कुजली, तिच्यात गवत माजलं, तरी लढाई संपेना. पाळण्यातला भानुसेन घोड्यावर बसू लागला, तरी लढाई संपेना. दर सालच्या सभेला नगारा झडे, सेनापती मोकळ्या पाटावरून उठून म्हणे, "आणखी एक साल!" सभा ओरडे, "आणखी एक साल!"

एकदा राणी पेठेतून चालली होती. यसू कासारीण दुकानात बसली होती. राणी म्हणाली, "काय गं यसू, माळा अशा भरलेल्या कशा? बांगड्या कुणी घेत नाही वाटतं?"

यसू म्हणाली, "घेतील कशा, बाईसाहेब? नव्या भराव्या असे हात आहेत कुठं? लोकांनी आता फोडण्यासाठी का विकत घ्याव्या?"

राणी मान खाली घालून घरी आली.

मग काय झालं? सभा जवळ आली. भानुसेन आईपुढं आला, पाया पडला. म्हणाला, "आईसाहेब, सभा 'आणखी एक साल' म्हणाली की मी निघणार. रणमलकाकांनी घोडा दिलाय मला. आशीर्वाद द्या."

राणीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण तोंडातून आशीर्वाद फुटेना. तो गेल्यावर ती देवघरात बसली. मनाशी म्हणाली, "किती जणींनी आपापली पोरं मला दिली. मी ती घेतली. तेव्हा माझा आशीर्वाद अडला नाही. आज कसा अडला?"

मग तिनं तहासाठी माणूस पाठवला. पहिल्यांदा सोन्याचं ताट दिलं. ताट परत आलं. दुसऱ्यांदा अंबारीचा हत्ती दिला. हत्ती परत आला. तिसऱ्यांदा अंगावरचा शेला दिला. शेलाही परत आला. तिन्ही वेळा निरोप एकच, "तुमच्याकडं आम्हांला बसायला जागा नाही."

राणी कोड्यात पडली. एवढा मोठा वाडा, एवढी मोठी सभा, आणि जागा नाही म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी घाटावर आली. डोकीचा कापूस झालेला, हातात काठी, लुगड्याला ठिगळं. देवडीवर गेली, म्हणाली, "बाबा, घटकाभर टेकू का?" पहारेकरी म्हणाला, "इथं जागा नाही." मुदपाकखान्याकडं गेली, म्हणाली, "बायांनो, घटकाभर टेकू का?" आचारिणी म्हणाल्या, "इथं जागा नाही." सभेच्या दालनाशी गेली, म्हणाली, "पोरांनो, घटकाभर टेकू का?" झाडलोट करणारे म्हणाले, "इथं तर मुळीच नाही. सेनापतींची जागा आहे ती."

राणी वरून ऐकत होती. "जागा नाही, जागा नाही," कानावर पडलं आणि तिच्या काळजात लख्ख झालं. ती धावत खाली आली. आपलं आसन उचललं, म्हातारीपुढं घातलं. "बसा आजी," म्हणाली.

म्हातारी बसली. म्हणाली, "बाई, तुझ्या अंगणातल्या चिमण्या भारी माजल्या गं. कुणाच्या वाटणीच्या अक्षता खातात त्या?"

राणीच्या डोळ्यांना पाणी आलं. म्हणाली, "आजी, मी वसा टाकला."

"टाकलास खरा. मग उचल की. टाकलेलं उचलायला काय लागतं? वाकावं लागतं."

"काय करू, सांगा."

"नगारा झाकून ठेव. शिंगं खुंटीला टांग. पाट मोकळा कर, आपल्या हातानं धू, मांड. एकेक दाणा सोड. पहिल्या मुठीला कुणी येणार नाही, तरी सोड. दुसऱ्या मुठीला लोक हसतील, तरी सोड. तिसरी मूठ तुझी नसेल, तरी सोडू दे. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको."

राणी पाया पडायला वाकली. उठून बघते, तर आसन रिकामं.

सभेचा दिवस उजाडला. नगारा झाकलेला, शिंगं खुंटीला. पाटील-महाजन जमले. रणमलराव आले आणि नेहमीसारखे पाटावर बसले. राणी त्यांच्यासमोर आली. हातात पाण्याचा तांब्या.

"रणमलराव, उठा. पाट धुवायचाय."

"आज हे काय काढलंत, बाईसाहेब?"

"सभाईचा वसा. जो यायचा राहिला, त्याचा पाट आहे हा."

रणमलरावांचा चेहरा काळवंडला. "यायचं कोण राहिलंय? पैलचे? त्यांच्यासाठी मी उठू? माझी दोन पोरं त्या वाळूत गेली, बाईसाहेब. मी इथून उठलो आणि तुम्ही तह केलात, तर ती गेली कशासाठी, ते सांगा."

राणीनं तांब्या खाली ठेवला. खोटं बोलावं असं तिला वाटेना.

ती म्हणाली, "ते मला सांगता यायचं नाही. तुमची पोरं गेली तेव्हा मी जागी झाले नाही. माझं जायची वेळ आली तेव्हा झाले. लाजच आहे ती माझी. पण भावजी, जाग उशिरा आली म्हणून का पुन्हा निजू?"

रणमलराव बसून राहिले. मग हळूच उठले, बाजूला जमिनीवरच मांडी घालून बसले. राणीनं पाट धुतला, मांडला, रांगोळी काढली. पहिली मूठ घेतली. एकेक दाणा सोडला. कितीतरी वर्षांनी त्या दालनात नदीचं पाणी ऐकू आलं. मूठ रिकामी झाली.

राणीनं विचारलं, "कुणी यायचं राहिलं का?"

कुणी आलं नाही. राणीनं दुसरी मूठ घेतली. मागून एक महाजन पुटपुटला, "आता काय पाट बोलणार का?" दुसरा म्हणाला, "बोलला तर म्हणावं, जेवायला केव्हा वाढतात ते सांग." चारजण फिसकन हसले. राणीनं दाणे सोडले. मूठ रिकामी झाली.

"कुणी यायचं राहिलं का?"

कुणी आलं नाही. राणीनं हात घातला, तर अक्षतांचं भांडं रिकामं. लढाईच्या दिवसांत अख्खा तांदूळ राहिला होता कुठं? सगळी कणीच. राणी तशीच थांबली. तेवढ्यात रणमलराव गुडघ्यावर पुढं सरकले. फेट्यातून एक पुरचुंडी सोडली. म्हणाले, "पोरं निघाली तेव्हा त्यांच्या आईनं ओवाळलं. ताटातल्या उरलेल्या अक्षता आहेत या. दोघं परत आले की त्यांच्यावर टाकायला ठेवल्या होत्या."

मग तिसरी मूठ सेनापतींनी सोडली. एकेक दाणा. आता कुणी हसलं नाही. हसणारा महाजन पागोट्याच्या टोकानं डोळे पुसू लागला. मूठ रिकामी व्हायला आली, शेवटचा दाणा बोटाशी राहिला.

तेवढ्यात दारात पाणी ठिबकल्याचा आवाज झाला. बघतात तो एक वयस्क बाई उभी. निऱ्या भिजलेल्या, पदर डोक्यावरून, मागं एक कोळीण. ती पैलच्या राजाची आई, राजमाता गिरजाऊ. होडी कुजलेली, म्हणून भोपळ्यांच्या सांगडीवर बसून नदी उतरून आली होती.

पहारेकऱ्यांचे हात तलवारीला गेले. रणमलरावांनी डोळ्यांनीच त्यांना दटावलं.

गिरजाऊंनी दारातूनच विचारलं, "कोण गेलं?"

राणी म्हणाली, "कोण म्हणजे?"

"दर साली तुमच्या सभेचा नगारा आमच्या माजघरात ऐकू येतो. भिंतीवरची भांडी थरथरतात. आज सकाळपासून कानोसा घेतेय, तर नगारा नाही, शिंग नाही, माणसाचा आवाज नाही. म्हटलं, राणीवर काही प्रसंग ओढवला. तुमचा मुलगा लढाईवर जायच्या वयाचा, ठाऊक आहे मला. माझा लेक म्हणाला, जाऊ नका. मी म्हटलं, वैर असेल पुरुषांचं. समाचाराला जायला कुणाची परवानगी लागत नाही."

राणी पुढं झाली. म्हणाली, "आऊसाहेब, कुणी गेलं नाही."

"मग एवढे गप्प का?"

"तुमची वाट बघत होतो."

रणमलरावांच्या बोटातून शेवटचा दाणा पडला. राणीनं गिरजाऊंचा हात धरला आणि त्यांना मोकळ्या पाटावर बसवलं.

मग बोलणं निघालं. नारळाचं निघालं. राणी म्हणाली, "तुमचा कारभारी आला होता? मला खरंच ठाऊक नाही." गिरजाऊ म्हणाल्या, "कुठून असणार? तुम्ही विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. आम्हीही आमच्याकडं ढोलच बडवत बसलो." मग त्या थांबून म्हणाल्या, "माझा धाकटाही वाळूच्या बेटावर पडला."

रणमलराव म्हणाले, "माझा थोरला तिथंच."

दोघांचं मन थोडं हलकं झालं.

मग राणी उभी राहिली. सभा उघडायचा पहिला शब्द अजून बोलायचा होता. दर साली ती लांबलचक बोले. आज एवढंच म्हणाली, "पुरे."

पाटील म्हणाले, "पुरे." महाजन म्हणाले, "पुरे." बलुतेदार म्हणाले, "पुरे." दारात यसू कासारीण उभी होती, ती सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली, "पुरे गं बाई, पुरे!"

भानुसेन खाली गेला. गाळातल्या माडावर चढला. गडगडत गेलेल्या नारळाच्याच झाडाचा असोला नारळ उतरवला आणि गिरजाऊंच्या ओटीत घातला. सुतारांनी नवी होडी बांधली. एक दिवस ऐलच्या नावाड्यानं चालवायची, एक दिवस पैलच्या, असं ठरलं. आणि पैलच्या नगरातही एक मोकळा पाट मांडू लागले.

रणमलराव घरी गेले. फेटा खुंटीला अडकवला, बायकोला म्हणाले, "पाणी दे गं. आणि आज दार लोटू नको, वारा येऊ दे." जेवले आणि अंगणात गाढ झोपले. पेठेत यसूच्या दुकानापुढं हातांची रांग लागली. यसू म्हणाली, "अगं, ढकलू नका, माल भरपूर आहे! इतकी वर्षं साठवलाय!"

सभाई माता जशी कुंदावतीला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. तुमच्या घरी एक पाट मोकळा असो, त्यावर बसणारा वेळेवर येवो, बाहेर गेलेली पोरं दिवेलागणीला घरी येवोत. उतू नका, मातू नका, घेतला वसा टाकू नका. साठां उत्तरांची ही कहाणी, पांचां उत्तरीं सांगून, तुमच्या मुठीतल्या शेवटच्या दाण्याशी सुफळ झाली, संपूर्ण झाली. आता अक्षता पाटापुढं सोडा.